पलीकडची मेमरी मोकळी होती

नांदेडच्या एका कॉलेजच्या संगणक केंद्रात मी अकरा वर्षं नोकरी केली. नोकरी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी एका दिवसाचा खंड, मग पुन्हा नवा आदेश. हुद्द्याचं नाव मात्र भारदस्त होतं, सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. काम म्हणजे एसी बंद पडला की इलेक्ट्रिशियनच्या मागे लागायचं, यूपीएसच्या बॅटऱ्यांवर लक्ष ठेवायचं आणि कुणी पासवर्ड विसरलं की नवा करून द्यायचा. ह्या सगळ्या फुटकळ कामांत एक मशीन होती, तिच्यावर माझा जीव होता. ती मशीन आता भंगारात गेली. तिच्या जोरावर मी एका मुलीचं जे वाटोळं केलं ते अजून माझ्याजवळ आहे, म्हणून हे लिहायला बसलो. लिहिल्यानं हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला तसा काही अनुभव नाही.

मशीन म्हणजे सर्व्हर. लोखंडी रॅकमध्ये आडवी बसवलेली, दिवसभर पंख्यांचा आवाज करणारी. तिच्या पोटात दोन प्रोसेसर होते आणि प्रत्येक प्रोसेसरच्या शेजारी त्याची स्वतःची मेमरी. ह्या जोडीला आमच्या धंद्यात नोड म्हणतात. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं राहतात तसं समजा. दोघांचे पिठाचे डबे वेगळे, मधे एक दार. आपल्या डब्यातलं पीठ हात लांब केला की मिळतं. शेजारचं घ्यायचं तर उठून दारापर्यंत जावं लागतं, जरा उशीर होतो, पण मिळतं. कुणाच्या कामाला कुठल्या डब्यातून द्यायचं ह्याचे नियम असतात, आणि ते लावणं माझ्या हातात होतं.

मशीनचा आपला मूळचा नियम शहाणा असतो. आधी जवळचं घे, ते संपलं तर शेजारून घे. दुसरा एक नियम आहे, त्यात एक वाटी इथली आणि एक वाटी तिथली अशी घेत जातात, म्हणजे दोन्ही डबे सारखे उतरतात. तिसरा नियम सक्तीचा. ह्या कामानं ह्याच डब्यातून घ्यायचं. तो संपला तर शेजारचा काठोकाठ भरलेला का असेना, तिकडे हात न्यायचा नाही. मग काम अडतं, आणि अडलेलं काम मशीन स्वतःच मारून टाकते. विचारत नाही, थांबत नाही. मशीनच्या स्वतःच्या नोंदवहीत एक ओळ पडते आणि विषय संपतो.

मी तिसरा नियम लावला होता.

त्याची कथा साधी आहे. मशीन दोन विभागांच्या एकत्र अनुदानातून आली होती, एक भौतिकशास्त्र आणि एक भूशास्त्र. पहिल्या वर्षातच कुरबुरी सुरू झाल्या. ह्यांचं काम चाललं की त्यांचं रेंगाळायचं, आणि मग दोन्हीकडचे विभागप्रमुख माझ्या खुर्चीसमोर उभे. भौतिकशास्त्राचे सर निलंग्याकडचे, भूशास्त्राचे सर धर्माबादकडचे. दोघंही शेतकऱ्याच्या घरातले, दोघांनीही आयुष्यभर घरात बांधावरची भांडणं ऐकलेली. शेवटी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. चहा झाला, बिस्किटं झाली, आवाज चढले, आणि निलंग्याचे सर मला म्हणाले की तुम्ही मधे एक बांध घालून द्या म्हणजे आमची कटकट मिटली. मी तीन दिवसांत घालून दिला. एक नोड ह्यांचा, एक नोड त्यांचा. एकमेकांच्या अर्ध्यात काय चाललंय हे दिसणंही मी बंद करून टाकलं, कारण नुसतं दिसण्यावरूनही भांडणं व्हायची. प्राचार्यांनी माझं सर्वांसमोर कौतुक केलं. मला ते फार आवडलं, हे आधी सांगून टाकतो.

ह्या वाटणीचं एक पत्र झालं. दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या, आवक क्रमांक, गोल शिक्का. त्यात एक वाक्य होतं की एका विभागाला दुसऱ्याच्या नोडवर जागा हवी असल्यास त्या विभागप्रमुखांची लेखी परवानगी मूळ प्रतीत सादर करावी. 'मूळ प्रतीत' हे शब्द मला कुणी सांगितले नव्हते. मी माझ्या मनानं घातले.

माझे वडील लातूरला एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर होते. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नोकरीला लागलेले ते पहिले. त्यांनी मला पोहायला शिकवलं नाही, सायकल शिकवली नाही, पण कागद शिकवला. तोंडी कुणाचं काही करायचं नाही, लिहून घ्यायचं, असं ते सांगायचे. बाकीच्यांची चूक झाली तर ती चूक असते, आपली झाली तर लगेच जात निघते, एवढं ते जेवताना शांतपणे बोलायचे आणि पुढचा घास घ्यायचे. त्यांनी कुणाचंही काम मूळ कागदाशिवाय केलं नाही आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्यावर कुणाला बोट ठेवता आलं नाही. मी त्यांच्यासारखाच झालो ह्याचा मला फार अभिमान होता.

ती मुलगी केंद्रात पहिल्यांदा आली तेव्हा चप्पल बाहेर काढून आत आली. मशीनच्या खोलीत धूळ नको म्हणून तशी पद्धत होती, पण ती माझ्या टेबलाच्या खोलीतच अनवाणी उभी राहिली. मग तिनं टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचलं आणि हळूच जयभीम घातला. मीही घातला, पण आधी दाराकडे बघून. भूशास्त्रात पीएच.डी. करत होती. गाव इस्लापूरजवळ, किनवट तालुक्यात, पैनगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठचं. गावाचं नाव तिनं सांगितलं तेव्हा मी ऐकलेलं नव्हतं. कुणीच ऐकलेलं नसतं, असं म्हणून ती हसली.

तिचा विषय पूर. आभाळ फाटल्यासारखा पाऊस वर झाला तर खाली कुठल्या गावात पाणी किती वेळात पोहोचतं, हे मशीनवर आधी बघता यावं म्हणून तिनं पैनगंगेच्या खोऱ्याचा नकाशा बारीक चौकोनांत पाडला होता. मोठ्या नद्यांचं असं काम लोकांनी केलेलं आहे, ओढ्यांचं कुणी करत नाही, आणि माणसं ओढ्यातच वाहून जातात, असं तिनं मला सांगितलं. तिच्या लहानपणी त्या ओढ्यानं घरं नेली होती. ते मात्र तिनं फार सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिचा प्रोग्राम कोरड्या चौकोनाला मेमरी मागायचा नाही. पाणी एखाद्या चौकोनात शिरलं की तेव्हा त्याच्यापुरती जागा मागायचा. म्हणजे सुरुवातीला काम अगदी हलकं, आणि जसजसा पूर पसरणार तसतशी मेमरी वाढत जाणार. शेवटच्या मोठ्या कामाला अठरा-एकोणीस दिवस लागणार होते. मधेमधे झालेलं जपून ठेवायची सोय त्यात नव्हती. मूळ प्रोग्राम तिच्या मार्गदर्शकांचा जुना, त्यात ती सोय करायची म्हणजे अर्धा नव्यानं लिहिणं आलं, आणि तिच्याकडे तेवढे दिवस उरले नव्हते. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून घेतलेली होती, दुसऱ्यांदा वाढत नव्हती. मे महिन्याच्या अखेरीला हे निकाल जोडून प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द. तारीख तिनं माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर स्वतः पेनानं गोल करून ठेवली होती. येताजाता तिकडे बोट दाखवायची.

सोळाव्या दिवशी सकाळी ती आकडे लिहिलेली वही घेऊन आली. रोज किती मेमरी वाढली ते तिनं मांडलं होतं. "सर, दोन दिवसांपासून लई चढून राहिली," ती म्हणाली. "आमच्या बाजूची पुरत न्हाई. त्या बाजूची थोडी भेटली तर होते."

तिचा हिशेब बरोबर होता. मी माझ्या स्क्रीनवर दोन्ही बाजू बघू शकत होतो. भूशास्त्राची बाजू भरत आलेली. भौतिकशास्त्राची बाजू मोकळी. तिकडचे सगळे पेपर तपासण्यात गुंतलेले, त्यांचं एकही काम चालू नव्हतं. चालत्या कामाला जराही धक्का न लावता नियम बदलता येत होता. एका फाईलमध्ये शून्य लिहिलेलं होतं, त्याच्यापुढे एक छोटी रेघ आणि एक हा आकडा टाकायचा, मग एंटर. तीन बटणं. गेल्या दिवाळीत भौतिकशास्त्राच्या एका संशोधकाला जास्त जागा लागली तेव्हा मी ती तीन बटणं एका फोनवर दाबली होती. कागद नंतर देतो म्हणाला, तो बहुतेक आलाच नाही. त्याला 'मूळ प्रत' म्हणायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

तिला मी म्हणालो, भौतिकशास्त्राच्या सरांचं पत्र आणा.

हे मी का केलं ते मला तेव्हाही माहीत होतं. ती आपल्यातली होती. तिनं जयभीम घातलेला शेजारच्या टेबलावरच्यानं ऐकला होता. उद्या कुणी म्हटलं असतं की बघा, आपल्या माणसाला कशी वाट काढून दिली. परक्या माणसाला मी सूट देऊ शकत होतो, तिला नाही. तिला बाकीच्यांपेक्षा जास्त कडक नियम लावला तरच मी सचोटीचा ठरणार होतो. असं डोकं आमच्यातल्या कितीजणांचं असतं मला माहीत नाही. माझं होतं. आणि तिलाही ते कळत असावं, कारण ती एका शब्दानं कुरकुरली नाही. आपलं माणूस आहे, तर नियमानंच वागणार, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

सर लातूरला होते. मुलाला शिकवणीला घालायचं म्हणून आठ दिवस रजा घेऊन मेहुण्याकडे गेलेले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती लातूरला गेली. मेचं ऊन. शिकवण्यांच्या त्या गल्लीबोळांत पत्ता शोधत तिनं सरांना गाठलं. सरांनी अर्ज वाचून पाच मिनिटांत सही केली, उलट एवढ्यासाठी कशाला आलीस म्हणाले. हे मला नंतर सरांकडूनच कळलं. एक वाजायच्या आत माझ्या मोबाईलवर सही केलेल्या पत्राचा फोटो आला. अक्षर स्वच्छ, सही स्वच्छ, तारीख घातलेली. खाली तिनं लिहिलं होतं, सर सही झाली, आता करता का.

मी लिहिलं, ओरिजिनल घेऊन या.

तिचा उत्तरादाखल एकच शब्द आला, हो. मग बसमध्ये बसल्याचा मेसेज आला, आणि मग काही नाही. मी डबा खाल्ला. स्क्रीनवर भूशास्त्राची बाजू भरत होती, मला ते दिसत होतं. मी स्वतःला समजावलं की संध्याकाळपर्यंत निघेल. निघेल की नाही हे आकडेमोड करून दहा मिनिटांत कळलं असतं. मी आकडेमोड केली नाही, खाली जाऊन चहा प्यायलो. परत आलो तेव्हा पावणेचार झाले होते. स्क्रीनवर तिचं काम नव्हतं. भूशास्त्राची बाजू एकदम रिकामी झाली होती, शेजारच्यासारखीच. नोंदवहीत ती एक ओळ पडलेली होती. ती मुलगी त्या वेळी लोह्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी बसमध्ये असणार.

सव्वापाचला ती आली. पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, घामानं भिजू नये म्हणून फोल्डर ओढणीत गुंडाळलेला. तिनं दोन्ही हातांनी ते माझ्यापुढे धरलं. मी काय करावं? मी ते घेतलं, शाईच्या पॅडवर शिक्का दाबला, पत्रावर मारला, रजिस्टर उघडलं आणि आवक क्रमांक टाकला. माझे हात आपोआप चालले होते. वडिलांचेही असेच चालत असतील. रजिस्टर मिटून मग तिला सांगितलं की काम मघाशीच बंद पडलं.

ती उभीच होती. तिनं शिक्का मारलेल्या पत्राकडे बघितलं. मग विचारलं, "सर, कागद सकाळीच असता तर वाचलं असतं का?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. नोकरी गेली नसती, फार तर एक मेमो मिळाला असता. पण ती माझ्याकडे ज्या विश्वासानं बघत होती त्याच्यापुढे मी घाबरलो.

"न्हाई," मी म्हणालो. "तिकडची बाजू बी भरलेलीच होती. दोन्ही मिळून बी तुमच्या कामाला पुरलं नसतं."

"मंजी मीच लई मागून राहिले होते," ती म्हणाली.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता यायचं नाही. तिनं रिकामा फोल्डर परत मागून घेतला, दाराबाहेर चप्पल घातली आणि गेली. तिला तपासून बघायची काही सोय नव्हती. पलीकडचं दिसणं मीच बंद करून ठेवलं होतं ना.

काम पुन्हा पहिल्यापासून चालवायला तेवढे दिवस उरले नव्हते; मुदत गेली. नोंदणी रद्द झाली. कॅलेंडरवरचा तो गोल मे संपेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे होता. मेचं पान उलटलं तरी मागच्या बाजूनं शाई दिसायची. पुढे मी त्या महिन्याच्या सगळ्या नोंदी पुन्हा पुन्हा काढून बघितल्या. दुपारी पावणेचार वाजता पलीकडची बाजू मोकळी. त्या दिवशी पूर्ण दिवस मोकळी. त्या आठवड्यात मोकळी. कुठेतरी, कुणाचं तरी, एखादं काम चालू असावं म्हणून मी देव न मानणारा माणूस मनातल्या मनात विनवण्या करत होतो. नोंदी बदलत नाहीत. सरांना परतल्यावर विचारलं तर म्हणाले, अरे घ्यायची होती की, पडूनच होती ती. एवढं साधं होतं ते.

बांध मी काढला नाही. काढला असता तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

त्याला चार वर्षं झाली. मधल्या काळात मशीन जुनी झाली, तिच्या जागी काही आलं नाही, आणि माझा पुढचा आदेशही आला नाही. मला त्याचं दुःख झालं नाही. आता मी एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. घरी मी बोलत नाही अशी बायकोची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. रात्री झोप लागते, जेवण जातं, तब्येत बरी आहे. फक्त कशातच काही राम वाटत नाही. कुणी चांगलं म्हटलं की मला तो प्राचार्यांच्या केबिनमधला चहा आठवतो.

यंदा मुलीला शिकवणी लावायची म्हणून लातूरला गेलो. माझंच गाव, पण त्या भागात आता ओळखीचं काही उरलेलं नाही. सगळीकडे क्लासच्या पाट्या, मेस, झेरॉक्स आणि पाठीवर दप्तरं घेतलेली हजारो पोरं. मुलगी चाचणी द्यायला वर गेली आणि मी खालच्या हॉटेलात बसलो. समोरून ती आली. आधी तिनंच ओळखलं. हाताला खडूची भुकटी लागलेली, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. त्याच इमारतीत गणित शिकवते म्हणाली. समोर बसली, दोन चहा सांगितले, माझ्या तब्येतीची चौकशी केली. अजून सरच म्हणत होती.

मी डिग्रीबद्दल विचारायला धजत नव्हतो. तिनंच सांगितलं, अगदी सहज. ते राहिलं, त्याचं आता काही नाही, पण काम मी सोडलं नाही. रोज दुपारच्या सुटीत करते. मोठी मशीन भेटणार नाही हे कळलंच होतं, म्हणून प्रोग्रामच बारीक करत आणला. आधी चौकोन मोठे केले. मग जिथं वस्ती नाही ते माळ काढले. मग छोटे ओढे काढायला सुरुवात केली. असं करत करत आता तो ह्या लॅपटॉपमध्ये बसतो. गेल्या महिन्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत चालला. हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना.

तिनं लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. निळं पाणी गावागावांत शिरत होतं, प्रत्येक गावाशेजारी तास-मिनिटं. इस्लापूर मी ओळखलं, त्याच्याजवळचा पैनगंगेचा धबधबा ओळखला. त्याच्या वरच्या अंगाला एक पांढरा तुकडा होता, तिथं काहीच नव्हतं.

हे काय, म्हणून मी विचारलं.

"ते आमचं गाव," ती म्हणाली. "सगळ्यात आधी आमचाच ओढा काढला सर. कुणाचा तरी काढावाच लागत होता. दुसऱ्याचा कसा काढू?" मग हसून म्हणाली की आई मागे लागली होती, आपलं गाव दाखव म्हणून. आईला सांगितलं की आपलं गाव मशीनीत मावत नाही, लई मोठी मशीन होती तिच्यात बी मावलं नाही. तेव्हापासून आई विचारत नाही.

मी चहाचा कप बाजूला सारला. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मी माणूस नाही. आता वाटतं की तेही मी माझ्यासाठीच केलं, तिच्यासाठी नाही. पण त्या क्षणी मी बोलून गेलो. सगळं सांगितलं. फोटो आला तेव्हा एक वाजायचा होता, तीन बटणांचं काम होतं, आणि पलीकडची बाजू भरलेली नव्हती.

तिनं मला मधे तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "किती मोकळी होती?"

"पूर्ण," मी म्हणालो.

ती रडली असती, चिडली असती, चार लोकांत मला बोलली असती, तर मी ते घेतलं असतं. मी त्याचीच वाट बघत होतो. ती नकाशाकडे बघत राहिली. निळं पाणी त्या पांढऱ्या तुकड्याच्या कडेपर्यंत येत होतं आणि तिथं थांबत होतं, कारण पुढे चौकोनच नव्हते.

"मग आमचा ओढा मावला असता," ती म्हणाली.

"हाव. सगळंच मावलं असतं."

वर तास भरल्याची घंटा झाली. तिनं लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, चेन लावली. माफी मागायला मी तोंड उघडलं, पण तिनं हातानंच नको म्हटलं. पोरं धडाधड जिना चढत होती. ती दोन पायऱ्या चढली आणि थांबली.

"आईला आता काय सांगू, सर?" तिनं विचारलं.

ती खरंच उत्तराची वाट बघत होती. पत्र घेऊन अनवाणी उभी राहिली होती त्या दिवशी बघत होती तसंच. मग पोरांच्या गर्दीत ती वर गेली.